साइड व्हीलची स्कूटर सोडून मागच्या दोन चाकांची घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या साखळी गावाजवळ राहणाऱ्या एका शिक्षिका ताईंच्या उजव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. गेली नऊ वर्षं त्या साइड व्हील लावलेली अ‍ॅक्टिव्हा चालवतात. आमोण्याचा पूल ओलांडून माशेलच्या शाळेत, जाऊन-येऊन रोज वीस-बावीस किलोमीटर. गाडी हल्ली डावीकडे ओढते, वळणावर भीती वाटते, कधीकधी अडकते, आणि मागे घ्यायची असली की कुणाला तरी हाक मारावी लागते. ओळखीत एक जुनी स्कूटर विकायला आहे. तिचं मागचं मूळ चाक काढून त्या जागी एक्सल, म्हणजे आडवा दांडा, आणि दोन चाकं बसवली आहेत, रिव्हर्सही आहे. भाचा इंग्लंडमध्ये असतो, तो म्हणतो हे दोन्ही सोड, पुढे दोन चाकं असलेली, वळणावर कलणारी गाडी बघ. ताई विचारतात, बदलू का? आणि बदललंच तर कुठलं घेऊ, खर्च साधारण किती?

ताई, उत्तर आधी देतो. ओढते म्हणून बदलू नका, वळणावर भीती वाटते म्हणूनही बदलू नका. रिव्हर्ससाठी बदलायची असेल तर ते कारण मला पटतं. पण समोर आलेली ती गाडी तपासल्याशिवाय हो म्हणू नका. भाच्याची सूचना प्रेमाची आहे, पण तुमच्या कामाची नाही.

फोंड्यात माझं छोटं गॅरेज आहे. अठ्ठावीस वर्षं हेच काम: साइड व्हील बसवणं, लोकांनी बसवलेली दुरुस्त करणं, एक्सल करणं. सुरुवात घरातूनच झाली. थोरल्या भावाचा पाय असाच. त्या काळी बजाज चेतकला गिअर डाव्या हातात आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, म्हणजे त्याला ती गाडी बंदच. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, दोन्ही ब्रेक हातात. आमच्यासारख्या घरांत त्या गाडीने जे केलं ते कुठल्या सरकारी योजनेने केलं नसेल. भावाने काही वर्षांनी ती जुनी घेतली, एका वेल्डरकडून दोन्ही बाजूंना चाकं लावून घेतली. मी तेव्हा सायकल, लूना, सगळं चालवणारा पोरगा. म्हटलं एक फेरी मारतो. भाऊ म्हणाला, "सवकास व्हर रे." मी पहिल्याच वळणावर सरळ शेजाऱ्याच्या वालीच्या मांडवात.

हा किस्सा हसण्यासाठी नाही सांगत, तुमच्या निर्णयाचा अर्धा भाग त्यात आहे. दुचाकीवाला वळताना गाडी कलवतो. डावीकडे जायचं तर नकळत डावी मूठ किंचित पुढे ढकलतो, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, शरीर शिकलेलं असतं. तीन टेकूंवर उभी असलेली गाडी झुकत नाही. तिला सायकल रिक्षासारखं वळवावं लागतं, डावीकडे जायचं तर हँडल डावीकडे. दुचाकीची सवय असलेला माणूस तुमच्या स्कूटरवर बसला की डावी मूठ ढकलतो आणि गाडी उजवीकडे जाते. मग तो घाबरून आणखी ढकलतो. गाडी बघायला आलेले किती नवरे, भाऊ, मुलगे माझ्या कंपाउंडच्या भिंतीला धडकले त्याची मोजदाद नाही.

तुमचं शरीर नऊ वर्षांत न कलणाऱ्या गाडीला सरावलं आहे. मागच्या एक्सलवाली गाडीही न कलणारीच. म्हणून तिच्यावर तुमचा हात दोन दिवसांत बसेल. भाच्याने सांगितलेली गाडी कलणारी आहे. तिच्यावर तुम्ही तेच कराल जे मी भावाच्या गाडीवर केलं, फक्त उलट्या बाजूने.

त्या कलणाऱ्या गाड्यांबद्दल थोडं सांगतोच, कारण व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात. पियाजिओची एमपी३ २००६ साली आली, यामाहाची ट्रायसिटी २०१४ ला, आणि मोठी नायकन २०१८ ला. पुढची दोन चाकं समांतर दांड्यांच्या चौकटीवर असतात. गाडी कलली की दोन्ही चाकं बरोबर कलतात, ओल्या रस्त्यावर पुढची पकड जास्त भरवशाची मिळते. यंत्र म्हणून मला फार आवडतं, माझ्याकडे असती तर मी ते उघडून आठवडाभर नुसता बघत बसलो असतो. पण लोक एक गोष्ट धरून चालतात की तीन चाकं म्हणजे आपोआप उभी राहणार. तसं नाही. एमपी३ ला थांबताना कल जागीच अडकवून ठेवणारं कुलूप आहे. नायकनला तसं काही नाही, सिग्नलला पाय टेकवावाच लागतो. ज्याला पायाचा भरवसा नाही त्याने हे कुलूप आहे की नाही हे पहिलं विचारायचं, बाकी सगळं नंतर. शिवाय यांतली एकही आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाही. बाहेरून आणली तरी पुढच्या एका सांध्याचा बुश गेला म्हणून गाडी महिनोन्‌महिने अंगणात उभी राहील.

कॅन-अ‍ॅमची स्पायडर म्हणून आणखी एक आहे. पुढे दोन रुंद चाकं, मागे एक, न कलणारी. ती तर तुम्ही चुकूनही बघू नका. तिचा ब्रेक फक्त उजव्या पायाच्या पेडलवर असतो, हाताशी लिव्हरच नाही. आणि रुंदी दीड मीटर, म्हणजे जवळजवळ आल्टोएवढी. आपल्या वाड्यावरच्या रस्त्याला ती आणि समोरून मासेवालीची रिक्षा एकाच वेळी मावायच्या नाहीत.

आता तुमच्या गाडीकडे येतो.

डावीकडे ओढण्याचं कारण बहुतेक वेळा दोन गोष्टींत असतं, आणि त्यातली एक गाडीची नसतेच. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. दुचाकी त्या उतारावरही सरळ उभी राहते. तुमची गाडी रस्त्याबरोबर तिरकी होते आणि हळूहळू गटाराकडे सरकू बघते. नऊ वर्षं तुम्ही नकळत हँडल उजवीकडे दाबून धरलं आहे, डावा खांदा दुखत असेल तर त्याचं कारण हे. एक्सलवाली गाडीही अशीच तिरकी होणार, अशीच ओढणार. गाडी बदलून उतार बदलत नाही. खरं कारण रस्ता की गाडी हे बघायचं तर एखाद्या रविवारी सकाळी लवकर, वाहतूक नसताना, रस्त्याच्या अगदी मध्यावर हळू चालवून बघा. मध्यावरही ओढत असेल तर दोष गाडीचा.

गाडीचा दोष म्हणजे बहुधा साइड व्हीलची दिशा बिघडलेली. दोन्ही चाकं पुढच्या चाकाला समांतर असायला हवीत. खड्ड्यात एकदा जोरात बसलं की दांडा बोटभर वाकतो, डोळ्यांना दिसत नाही. टायरवरून हात फिरवा. एका बाजूने फिरवताना गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं तर चाक तिरकं धावतंय असं समजा. आम्ही पुढच्या चाकापासून दोरी ताणून बघतो, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ही नव्वद टक्के गाड्यांत चुकलेली असते. तुमच्या गाडीला मोजली तर चार चाकं आहेत, सगळे तिला तीनचाकी म्हणतात ते सोडा. इंजिनाची ताकद आणि मागचा ब्रेक मधल्या मूळ चाकावर. बाजूची दोन फक्त टेकू. टेकूंवर जास्त भार आला की मधलं चाक हलकं होतं. मग पावसात चढावर ते जागच्या जागी फिरतं, ब्रेक दाबला की घसरतं. आणि रस्त्याच्या कडेला मातीत गाडी उतरवली, मधलं चाक खळग्यावर आलं, की बाजूची दोन्ही चाकं काठांवर टेकतात आणि मधलं हवेत. इंजिन ओरडतं, गाडी हलत नाही. तुम्ही "कधीकधी गाडी अडकते" असं लिहिलं आहे ते हेच असणार.

यासाठी मी घरातला वजनकाटा वापरतो, बायका-पुरुष उभं राहून वजन करतात तो. सिमेंटच्या सपाट जमिनीवर गाडी ठेवायची, गाडीवर मालकाला बसवायचं, एका साइड व्हीलखाली काटा आणि बाकी चाकांखाली त्याच जाडीच्या फळ्या. मग दुसऱ्या बाजूने तसंच. माझा अंदाज असा की एका बाजूच्या चाकावर वीस ते पंचवीस किलो यावेत, दोन्हींत पाच किलोपेक्षा जास्त फरक नको. एका ताईंच्या गाडीत एका बाजूला त्रेचाळीस आणि दुसऱ्या बाजूला अकरा निघाले होते. ती बाई चार वर्षं तशीच चालवत होती आणि स्वतःलाच दोष देत होती की मला नीट जमत नाही. अशा बायका-माणसांना बघितलं की मला ते काम करून देणाऱ्याचा राग येतो.

तुमचं किट नऊ वर्षांपूर्वीचं म्हणजे बहुतेक सरळ लोखंडी दांड्याचं, बिनस्प्रिंगचं असेल. आता प्रत्येक चाकाला स्वतंत्र शॉकअप असलेले हात, म्हणजे चाक धरणारे दांडे, मिळतात. एक चाक खड्ड्यात गेलं तर तेवढंच खाली जातं, मधलं चाक जमीन सोडत नाही. गाडी तीच ठेवून फक्त हे हात बदलले तरी अडकण्याची तक्रार बरीच जाते. एक किंमत मोजावी लागते. स्प्रिंग असल्यामुळे वळणावर गाडी किंचित बाहेर झुकते, सुरुवातीला पोटात गोळा येतो.

आता वळणाच्या भीतीबद्दल. एक्सलवाली गाडी विकणारे सगळे हेच सांगतात की हिला डिफरन्शियल आहे, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा डबा, म्हणून ही उलटत नाही. डिफरन्शियलचा आणि उलटण्याचा काडीचा संबंध नाही. गाडी उलटते कधी, तर वळणावर बाहेर फेकणारा जोर आणि वजन मिळून टेकूंच्या त्रिकोणाबाहेर जातात तेव्हा. त्रिकोणाचं एक टोक पुढचं चाक, दोन टोकं मागची बाहेरची चाकं. तुमच्या गाडीत आणि त्या गाडीत हा त्रिकोण जवळपास सारखाच आहे.

हिशोब करून दाखवतो. धरा की बाहेरच्या दोन चाकांमधलं अंतर ८० सेंटिमीटर, गाडी आणि माणूस मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंतच्या लांबीत तो दोन तृतीयांशाच्या थोडा अलीकडे, शंभरात पासष्टावर. १५ मीटर त्रिज्येचं वळण, म्हणजे आपल्या गावातल्या देवळाकडचं साधं वळण. त्यावर आतलं चाक उचलायला लागतं साधारण ताशी २६-२७ किलोमीटरला. आता अंतर ८० वरून ९० केलं तर? २८. दहा सेंटिमीटर रुंदी वाढवून दीड-दोन किलोमीटरचा वेग मिळाला. रुंदी मात्र रोज गल्लीत, फाटकात, शाळेच्या दारात नडणार. सीट पाच सेंटिमीटर खाली घेतली तरी थोडा वेग मिळतोच, आणि पाय टेकायलाही सोपं जातं.

म्हणून भीती घालवायची तर ती गाडीत शोधू नका, ब्रेकच्या वेळेत शोधा. मागे दोन टेकू आणि पुढे एक अशा गाडीत वळणावर ब्रेक मारला की वजन पुढे धावतं, आणि पुढे त्रिकोण निमुळता आहे. गाडी पुढच्या चाकाच्या आणि बाहेरच्या मागच्या चाकाच्या रेषेवरून कोलमडते. ब्रेक वळणाच्या आधी, हँडल सरळ असताना. वळणात शिरल्यावर हलकी गती देत बाहेर पडायचं आणि अंग आतल्या बाजूला झुकवायचं, जसं भरलेली घागर कमरेवर घेऊन माणूस दुसऱ्या बाजूला झुकतो. सामानही बघा. वह्यांचा गठ्ठा किंवा चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, ओझं पाठीवर, खांद्यावर नको. मागच्या चाकांच्या मध्ये, जितकं खाली तितकं. तिथे ठेवलेलं वजन गाडीला उलट घट्ट धरतं. फक्त तिथे फार लादलं तर चढावर पुढचं चाक हलकं होऊन हँडल ऐकत नाही, तेवढं सांभाळा.

मग एक्सलवाल्या गाडीत खरा फायदा काय? दोन. एक, ताकद आणि ब्रेक बाहेरच्या चाकांवर आल्यामुळे मधलं चाक हवेत लटकण्याचा प्रश्नच संपतो. दोन, रिव्हर्स. रिव्हर्सचं महत्त्व दोन पायांच्या माणसाला कळत नाही. शाळेच्या आवारात कुणी मागे कार लावली, किंवा घरापुढच्या उतारावर तुळशीवृंदावनाकडे तोंड करून गाडी लागली, की तुम्हाला उतरून, कुबडी सांभाळत, शंभर किलोच्या वर वजन एका हाताने मागे ओढायचं असतं. पडण्याच्या तक्रारी मी ऐकतो त्यातल्या बऱ्याचशा रस्त्यावरच्या नसतात, अंगणातल्या असतात. रोज हाक मारावी लागते हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मला तेच वाक्य सगळ्यांत जड वाटलं.

पण रिव्हर्स हवा म्हणून आख्खी गाडी बदलायलाच हवी असंही नाही. साइड व्हीलच्या गाडीला एका बाजूच्या चाकावर बॅटरीवर चालणारी छोटी मोटर टेकवून रिव्हर्स करता येतो, मी दोन गाड्यांना केला आहे. सपाट जागेवर छान चालतो. तुमच्या अंगणाच्या चढावर मात्र दमेल, आणि स्कूटरची लहान बॅटरी त्यावर टिकत नाही, वेगळी द्यावी लागते. म्हणून विचारतो, तुमची अडचण बहुतेक शाळेच्या सपाट आवारात आहे की घरच्या उतारावर? शाळेत असेल तर मोटर पुरे. घरी असेल तर गिअरचाच रिव्हर्स हवा, म्हणजे एक्सलवाली गाडी.

तेव्हा ती गाडी बघायला गेलात तर काय बघायचं ते सांगतो. मागची बाजू जॅकवर उचलायला लावा. इंजिन बंद. एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शियल आहे. त्याच दिशेने फिरलं तर दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली आहेत. अशी गाडी वळणावर सरळच जायला बघते, टायर घासून खाते, तिला हात लावू नका. दुसरं चाक ढिम्म राहिलं तर ताकद एकाच चाकाला जाते. ती चालेल, पण गती देताना एका बाजूला ओढेल, आणि ते चाक चिखलात गेलं की संपलं.

त्याहून महत्त्वाचा ब्रेक. दोन्ही मागच्या चाकांना स्वतंत्र ड्रम, म्हणजे ब्रेकचे डबे, आहेत का, बघा. काही मेस्त्री काम वाचवायला मूळ ड्रम तसाच ठेवतात आणि तिथून चेनने एक्सल फिरवतात. म्हणजे ब्रेकचा जोर चेनमधून आणि डिफरन्शियलमधून चाकांपर्यंत जातो. डिफरन्शियलचा स्वभाव असा की दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे एक चाक निसरड्यावर असेल तर दुसऱ्या चांगल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा ब्रेक मिळतो. आमोण्याकडच्या रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांनी सांडलेल्या लाल मातीवर पहिला पाऊस पडला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि चेन तुटली तर मागे ब्रेक उरत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी दोन ड्रम बसवून घेतल्याशिवाय रस्त्यावर आणू नका.

चॅसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, दोन्ही गाड्यांची तपासा, तुमचीसुद्धा. नऊ पावसाळे आणि आपली खारी हवा. जिथे किटचे ब्रॅकेट चॅसिसला वेल्ड केले आहेत तिथे रंगाखाली तडा लपलेला असतो. सोपा उपाय आहे: जागा घासून साफ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसून वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतलं रॉकेल वर येऊन खडूवर काळसर रेघ उमटते. शाळेत खडूला तोटा नाही. रेघ दिसली तर वरवर वेल्डिंगचा टाका मारून घेऊ नका, तो भाग कापून नवी पट्टी घालावी लागते. तुमच्या चॅसिसमध्येच मोठी रेघ निघाली तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून सांगेन, जुनीवर खर्च करू नका.

एक गोष्ट विक्रेता कबूल करणार नाही. एक्सल, चेन, दोन ड्रम, रिव्हर्सचा डबा, हे सगळं मिळून पुष्कळ लोखंड वाढतं. इंजिन मात्र तेच एकशे दहा सीसीचं. सपाटीला कळत नाही. फर्मागुढीच्या चढासारखा चढ मागे कुणाला बसवून चढवून बघा, मग कळेल. बेल्ट आणि क्लच लवकर जातात, पेट्रोलही जास्त लागतं. तुमच्या रोजच्या रस्त्यावर तसा मोठा चढ नाही, म्हणून हा मुद्दा मी तुमच्या बाबतीत मोठा धरत नाही. चोर्ला घाटातून बेळगावला जायचा विचार असता तर धरला असता.

इलेक्ट्रिकचं काही जण विचारतात म्हणून एक वाक्य: टीव्हीएसच्या आयक्यूबसारख्या स्कूटरमध्ये मोटर मागच्या चाकातच असते, त्यामुळे तिला एक्सल बसवता येत नाही, साइड व्हीलच लावावी लागतात.

कागदपत्रांत मात्र घाई नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत दिव्यांग व्यक्तीसाठी बदल केलेलं वाहन, म्हणजे अ‍ॅडाप्टेड व्हेइकल, याची व्याख्या कायद्यात आली. २०२० च्या ऑक्टोबरपासून नोंदणीच्या २० नंबरच्या फॉर्ममध्ये मालकीच्या रकान्यात दिव्यांगजन असा पर्यायही आला. म्हणजे मार्ग आहे, पण तो आरटीओमधून जातो. त्या गाडीच्या आरसीवर केलेल्या बदलाची नोंद आहे का, हे गाडी बघायच्या आधी फोनवरच विचारा. नसेल तर पैसे देण्याआधी मालकानेच ती करून द्यावी, तुमच्या नावावर आल्यावर तो फोन उचलणार नाही. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. माझ्या एका गिऱ्हाइकाचा दावा केवळ एवढ्यावरून अडला की पॉलिसीत साधी दुचाकी लिहिली होती आणि अपघातात सापडली ती तीन टेकूंची. दीड वर्ष हेलपाटे घातले त्याने. तुमच्या लायसन्सवर काय लिहिलं आहे तेही एकदा बघून घ्या.

पैशांचा अंदाज विचारलात. शॉकअपवाले हात, दिशा आणि वजन लावून देणं, हे सगळं मिळून जेवढा खर्च येतो त्याच्या अडीच-तीन पट चांगल्या एक्सलच्या कामाला माझ्याकडे लागतात. जुनी तयार गाडी त्याहून स्वस्त सांगत असतील तर ब्रेकमध्ये किंवा कागदात काहीतरी कमी असणारच.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: या आठवड्यात दोरी, काटा आणि खडू. चॅसिस ठीक निघाली तर हात बदलून एक पावसाळा चालवायची. रिव्हर्सची अडचण घरच्या चढावरची असेल तर पावसाळ्यानंतर याच गाडीला एक्सल, दोन्ही चाकांना ड्रम, आधी आरटीओची परवानगी. दुसऱ्याच्या हातचं काम विकत घेण्यापेक्षा तुमच्या उंचीला, तुमच्या पायाला बेतून केलेलं काम बरं. आणि ती जुनी गाडी खरंच दोन ड्रमची, कागद चोख असलेली निघाली, तर मात्र वेळ घालवू नका, घेऊन टाका. अशा फार थोड्या असतात.

चालवून बघायची वेळ आली तर मिस्टरांना किंवा भाच्याला बसवू नका, कारण वर सांगितलंच. तुम्हीच बसा, आणि रोज शाळेत जाता तशाच साडीत. मागची चाकं बाहेर आली की पदर आणि निऱ्या नेमक्या कुठे जातात ते सलवार-कमीज घालून कळत नाही. चाकावर जाळी नसेल तर ती आधी बसवून घ्यावी लागेल. वह्यांची पिशवी घ्या. आणि कुबडी विसरू नका. विकायला आलेल्या बऱ्याच गाड्यांना कुबडी अडकवायला जागाच नसते. ती असेल तर उजव्या बाजूला आहे की डाव्या, ते बघा. तुम्हाला डावीकडे हवी.